डबल बेल

चार दिवस शिकवत होतो गावाला उभं राहायला.
हसू नका, अवघड असतं ते.
लग्नात उभं राहणं निराळं, रेशनच्या रांगेत निराळं;
इथं टाचा जुळवायच्या, मुठी शिवणीला लावायच्या
आणि मग काहीच करायचं नाही.
सरपंच म्हणाले, “सुभेदार, काही न करणं कामून शिकवलालाव?
ते तर आमच्या गावाला उपजत येतंय.”

टाळ्या नाहीत, मी सांगितलं.
पुष्पचक्र ठेवलं की लगेच पाठ फिरवायची नाही,
दोन पावलं मागं, थांबा, मग वळा.
फोटो हुकला म्हणून पुन्हा ठेवायचं नाही.
उघड्या डोक्यानं सॅल्यूट नाही,
टोपी नसेल तर नुसतं सावधान. पुरे तेवढं.
पोरांनी वहीत उतरवून घेतलं, परीक्षेला येणार असल्यागत.

बिगुलवाला जिल्ह्याहून येणार होता, आला नाही.
खाजामियाँनं वरातीतला ट्रंपेट चिंचेनं घासला,
माझ्या मोबाइलवर ऐकून ऐकून लास्ट पोस्ट बसवलं,
मन्याडच्या कोरड्या पात्रात, रात्री बारापर्यंत,
लोकांची झोप मोडायला नको म्हणून.
“साहब, यात नाचायला जागाच नाही कुठं.”
मग जरा वेळानं,
“रडायला पण नाही. नुसता दम लागतो.”

सकाळी आठ. काळ्या मातीवर फक्कीच्या रेघा.
शाळेसमोरच्या चौथऱ्यावर नाव
लान्सनायक व्यंकट रामा केंद्रे.
पुढं कुटुंबासाठी एक खुर्ची, पांढरं कापड घातलेली.
रिकामी.
सत्यशीला ड्यूटीवर, मला ठाऊक होतं.
कंधार आगार, सकाळची मुखेड फेरी.
“सुट्टी मागायची होतीस,” मी म्हणालो होतो.
“मागितली असती तर दिली असती,” ती म्हणाली,
“मग दिवसभर घरात काय करू?”

ट्रंपेटचा शेवटचा सूर जरा फाटला. बरं झालं.
मग मौन. आणि मौनात
गिरणी.
सगळ्या गावाला सांगितलं, साबण्याच्या गिरणीला नाही!
घरघर घरघर, कुणाची तरी ज्वारी,
मी सावधानमध्ये दात आवळून.
तेवढ्यात पट्टा उतरल्याचा आवाज.
दगड हळू झाला, अजून हळू,
आणि साबणे दारात आला, भुवयांपर्यंत पिठानं माखलेला,
चपला जुळवून उभा राहिला.
तेव्हा कुठं कळलं
चार दिवस मी किती थोडं शिकवलं होतं.

फाट्यावर लाल एसटी थांबली. इंजिन बंद झालं.
ती उतरली, खाकी कपड्यांत, खांद्याला चामड्याची बॅग.
चिल्लर एकदाच खुळखुळली, तिनं तळव्यानं दाबून धरली.
मागोमाग प्रवासी; एका बाईनं कोंबडी
पदराखाली घेतली, तिची चोच दोन बोटांत धरून.
सत्यशीला खुर्चीकडं आली नाही.
बसच्या दाराशीच तिनं हात कपाळाला नेला.
उघडं डोकं, कोपर खाली, तळवा भलतीकडं,
चार दिवस खोडलेल्या सगळ्या चुका
एका हातात.

पोरं माझ्याकडं बघू लागली,
मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी.

माझ्या डोक्यावर टोपी होती.
चौथऱ्यापासून दोन पावलं मागं आलो, थांबलो,
मग वळलो
आणि हात वर गेला.
तिनं पाहिलं की नाही, सांगता येत नाही.
ती घड्याळ बघत होती.

मग चिल्लर पुन्हा वाजली, माणसं चढली,
आतून दोरी ओढल्याचा आवाज, टण टण.
बस मुखेडच्या वळणावर दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली,
कोंबडीचं एक पीस फक्कीच्या रेघेवर येऊन पडलं.
गाव तसंच उभं.
टाळी नाही, खोकला नाही.
बऱ्याच वेळानं सरपंच ओठ न हलवता म्हणाले,
“सुभेदार, हलावं का आता?”

विश्राम म्हणायचं मीच विसरलो होतो.